या चुका टाळा: घाट उतरून समुद्रावर गळ टाकायला जाणाऱ्यांसाठी

दसरा झाला, समुद्र निवळला, की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाड्या टपाला रॉडच्या नळ्या बांधून घाट उतरू लागतात. कुणी चोर्ल्यातून साखळी-पणजीकडे, कुणी आंबोलीतून वेंगुर्ल्याला, कुणी अणशीतून कारवारला. संध्याकाळी त्यातल्या बऱ्याच गाड्या रिकाम्या परततात आणि सोमवारी तेच ऐकायला मिळतं, 'हल्ली समुद्रात मासाच राहिला नाही बघ.' मासा कमी झालाय हे खरं आहे, पण रिकाम्या हातांचं कारण बहुतेक वेळा ते नसतं. दरवर्षी नवी माणसं त्याच चुका करताना बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहितोय.

रविवार बघून निघणं, पाणी न बघता

ही सगळ्यात मोठी चूक. आपल्यातले बहुतेक जण हिडकलच्या धरणावर किंवा कृष्णेच्या डोहावर कणकेचा गोळा लावून शिकलेले. तिथं पाणी उभं असतं. काठीला घुंगरू बांधा आणि बसा, कटला-रोहू यायचा तेव्हा येतो. तीच सवय घेऊन माणूस खाडीच्या तोंडावर येतो. सकाळी चहा-नाश्ता उरकून सातला बेळगाव सोडतो, साडेदहाला शापोऱ्याच्या नाहीतर तेरेखोलच्या मुखाशी पोचतो, ऊन डोक्यावर घेऊन दुपारपर्यंत लूअर (नकली आमिष) फेकत राहतो.

आता त्या दिवशी पौर्णिमा असेल तर काय होतं ते बघा. गोव्याच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती पूर्ण होते ती साधारण याच वेळेला. म्हणजे तुम्ही पोचता तेव्हा पाणी भरून थांबलेलं असतं. पाणी थांबलं की चोणक (रायगडकडं ज्याला जिताडा म्हणतात तोच) खाणं थांबवतो. त्याची शिकार करायची रीतच वाहत्या पाण्यावर आहे. ओहोटीला खाडीतली कोळंबी, बोयटांची पिल्लं ओढली जातात. तो पुलाच्या खांबामागं, खडकाच्या आडोशाला, छोटा ओहोळ मोठ्या पात्राला मिळतो तिथं तोंड प्रवाहाकडं करून उभा राहतो. त्याच दिवशी पहाटे ओहोटी संपून पाणी फिरत होतं, उजाडतही होतं. दोन्ही चांगल्या वेळा एकत्र आल्या होत्या आणि तुम्ही तेव्हा गाडीत पेट्रोल भरत होता.

कोकणातली जुनी पाऊणकी सगळ्यांना पाठ हवी: तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येईल त्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशोब मुंबईकडं चांगला जुळतो. मालवण-गोवा-कारवारला भरती मुंबईच्या आधी येते, म्हणून आकड्यातून थोडं मागं यायचं. नदीत आत जाल तसं उलट, पाणी मुखापेक्षा उशिरा फिरतं. मुखाशी पाणी थांबलं तर गाडी काढून नदीकाठानं वर जायचं, तिथं अजून वाहत असतं. ही माझी सर्वांत आवडती युक्ती, आणि नवशिके तेवढ्यासाठी कधी जागचे हलत नाहीत.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं चढत-उतरत नाही. गोव्याकडं उधाणालाही चढउतार दोनेक मीटरचाच, मुंबईत तो चार मीटरच्या वर जातो. त्यामुळं मुंबईच्या माणसाचे व्हिडिओ बघून इथं पाण्याचा अंदाज बांधू नका. मी कॅलेंडरवर आधी तिथी बघतो, मग वेळ, आणि रविवार जमत नसेल तर सरळ घरी बसतो. अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर पाण्यावर गेलेला माणूस दोन रविवार फुकट घालवणाऱ्यापेक्षा जास्त शिकतो.

याच चुकीची एक धोक्याची बाजूही आहे. ओहोटीत कोरड्या पायानं चालत गेलेला खडक भरतीत बेट होतो. मागं वळून परतीची वाट बघायची सवय लावून घ्या. चपला घालून शेवाळलेल्या खडकावर चढणारी पोरं बघितली की मी ओरडतोच.

खानापूरचा पाऊस विसरणं

पणजीला जी मांडवी दिसते ती आपली म्हादई. खानापूर तालुक्यातल्या जंगलातून ती खाली जाते. वर दोन दिवस जोराचा पाऊस झाला की खाली मुखाशी गढूळ गोडं पाणी वर तरंगतं आणि जड खारं पाणी तळाशी राहतं. अशा वेळी वरवर चालणारे लूअर फेकून हात दुखवून घेऊ नका. तळाला जाणारं काहीतरी लावा, नाहीतर पाणी निवळेपर्यंत थांबा. कणकुंबीत पाऊस पडतोय की नाही हे आपल्याला गोवेकरांच्या आधी कळतं, त्याचा उपयोग करा.

लांब गेलं की मोठा मासा

पैसे आले की ही चूक येते. काही वर्षांमागं ओळखीच्या मंडळींनी वेंगुर्ल्याकडून होडी ठरवली आणि मलाही बोलावलं. होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, साठीचा, शांत माणूस. निघतानाच म्हणाला, "निवतीच्या दीपगृहाकडं जावया. मासो खडपाक आसता." आमच्यातल्या म्होरक्यानं मोबाइल पुढं केला. त्यावर इन्कॉइसचा मासेमारी क्षेत्राचा नकाशा होता, तोही तीन दिवसांपूर्वीचा. त्याचं बोट किनाऱ्यापासून खूप लांबच्या एका पट्ट्यावर होतं. "काका, आपण इथं जायचं." तांडेल म्हणाला, "थयसर निसतो चिखल आसा." कुणी ऐकलं नाही. पैसे त्यांचे होते, होडी वळली.

आधी त्या नकाशाबद्दल. हैदराबादची ही संस्था उपग्रहानं मोजलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यावरून कुठं मासा जमण्याची शक्यता आहे ते सांगते. मच्छीमारांच्या फार कामाची गोष्ट आहे. पण ती जाळ्यावाल्यांसाठी आहे, थव्यानं फिरणाऱ्या माशासाठी आहे आणि थोडेच दिवस टिकते. खडकाला चिकटून राहणारा गोब्रा किंवा तांबसा त्या नकाशात दिसत नाही.

तीनेक तास इंजिन वाजत राहिलं. जमीन दिसेनाशी झाली. जिग (तळाला जाणारे जड लूअर) खाली सोडले तर तळ सपाट, मऊ, कुठं काही आडवं येत नाही. शिंगाळ्याशिवाय काही लागलं नाही. आपल्या किनाऱ्यावर तळ फार हळूहळू उतरतो, मैलोन्मैल चिखल. तिथं खोली आहे, पण माशाला दडायला जागा नाही. दुपार झाली तसा मतलई (जमिनीवरून येणारा वारा) पडला आणि समुद्रावरून खारा वारा उठला. होडी आडवी हलायला लागली. दोघं तळाशी आडवे झाले, एकानं उलटीची गोळी मागितली. ती गोळी होडीत चढायच्या तासभर आधी घ्यायची असते. पोट उलटल्यावर तिचा काही उपयोग नाही.

परतीच्या वाटेवर तांडेलानं कुणाला न विचारता होडी दीपगृहाच्या खडकांकडं घेतली. या खडकांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, त्या डोक्यावरून फिरत होत्या. तो उभा राहिला, दीपगृह आणि मागचा डोंगराचा सुळका एका रेषेत येईपर्यंत होडी पुढं-मागं केली, मग दुसऱ्या बाजूला किनाऱ्यावरची एक खूण बघितली आणि म्हणाला, "आता सोडा." नकाशा नाही, यंत्र नाही. दोन रेषा जिथं छेदतात तिथं खडप, हे त्याच्या डोक्यात बापाच्या काळापासून पक्कं होतं. पहिल्याच फेकीला म्होरक्याचा रॉड वाकला. त्याच्या महागड्या रीलचा ड्रॅग (मासा ओढताना लाइन किती सुटू द्यायची तो ब्रेक) सैल होता. गोब्रा थेट बिळात शिरला आणि लाइन खडकाला अडकली. तो ओढायला लागला तसा तांडेलानं त्याचा हात धरला. लाइन ढिली सोडली, बोटाच्या पेरावर हलकी ठेवली आणि उभा राहिला. कुणी बोलत नव्हतं. काही मिनिटांनी पेरावर लाइन सरकली, गोब्रा स्वतःहून बाहेर पडला होता. तांडेलानं एका दमात चार हात लाइन वर घेतली आणि मग रॉड परत दिला. दिवसाचा मासा त्या अर्ध्या तासात मिळाला, किनारा डोळ्यांसमोर असताना.

होडी ठरवताना भाव करण्याआधी तांडेलाला दोन प्रश्न विचारा: तळ काय आहे, आणि वारा कधी उठतो. तो सांगेल तिथं जा. अंग्रिया बँक या समुद्रातल्या बुडालेल्या प्रवाळाच्या उंचवट्याचे व्हिडिओ बघून 'तिथंच जायचं' म्हणणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, ती जागा विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या पुढं आहे. फायबरच्या होडीनं दिवसात जाऊन यायची ती सहल नव्हे. आणि लाइफ जॅकेट अंगात घाला, बाकाखाली ठेवू नका.

लाइन तुटली की दुकानदाराला दोष देणं

तुटलेलं टोक आधी नीट बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं पिळलेलं असेल तर गाठ सुटली. खरबरीत, दोरे निघालेलं असेल तर खडकाला किंवा खांबाच्या कालवांना घासलं. सुरीनं कापल्यासारखं सरळ असेल तर दातांनी कापलं. सुरमईच्या पाण्यात लूअरपुढं तारेचा तुकडा हवाच. तिन्हींना इलाज वेगळे आहेत, जाड लाइन घेणं हा तिन्हींवरचा इलाज नाही. तांबशासाठी मात्र ड्रॅग आधीच आवळलेला ठेवा. पहिल्या काही क्षणांत तो खारफुटीच्या मुळांमध्ये घुसला की संपलं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

रील नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका, मीठ आत बेअरिंगमध्ये जातं. ड्रॅग आवळून हलक्या गोड्या पाण्यानं धुवा, मग ड्रॅग सैल करून वाळवा. घाट चढायच्या आधीच हे करा, घरी येईपर्यंत थांबू नका.

ओले गळ डब्यात बंद करू नका.

शिंगाळ्याला उघड्या हातानं धरू नका, पाकटाच्या शेपटीजवळ तर जाऊच नका.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी 1987 पासून सागरी अभयारण्यात आहे, तिथं गाभ्याच्या क्षेत्रात गळ टाकायचा नाही. कारवारला नौदलाचा तळ आहे, अंजदीव बेटाकडं होडी वळवायला सांगू नका.

कोळ्यांच्या जाळ्यांच्या तरंगत्या खुणांवरून लूअर फेकणं हा उर्मटपणा आहे. त्यांचं पोट आहे ते.

मोठा चोणक परत सोडा. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे फोटोसाठी मिरवता ते मोठे मासे बहुतेक अंड्याच्या माद्या असतात. मध्यम आकाराचा खायलाही चांगला लागतो.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते आणि किनाऱ्यावरच्या लाटा माणूस ओढून नेतात. तेव्हा खाली जायचा हट्ट करू नका. त्या दोन महिन्यांत ब्रेड (विणलेली लाइन) आणि लीडर (तिच्या पुढचा लाइनचा तुकडा) यांची गाठ घरी बसून बांधा, हात ओले करून, दिवा बंद करून. पहाटेच्या अंधारात, पाणी फिरायला पंधरा मिनिटं उरलेली असताना तुम्हाला ती तशीच बांधायची आहे.