नील्सनचं ऑर्केस्ट्रा संगीत मुंबईत ऐकायचं तर

डॅनिश संगीतकार कार्ल नील्सनच्या (1865–1931) सहा सिम्फनी (ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या, अनेक भागांच्या रचना) आहेत. पहिलीपासून क्रमाने जायची गरज नाही. 1903 साली अथेन्समध्ये लिहिलेलं ‘हेलिओस’ हे ओव्हर्चर, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची छोटी स्वतंत्र रचना, आधी घ्या. बाराएक मिनिटांत आटोपतं.

पण लोकलमध्ये नको. सुरुवातीला चेलो आणि डबल बास इतके हळू वाजतात की गाडीच्या खडखडाटात काहीच कानी पडत नाही. मग माणूस आवाज वाढवतो आणि पितळी वाद्यं आली की कान बधिर! रात्री, पंखा मंद करून ऐका. आधी मधला सर्वात मोठा भाग लावून आवाज ठरवा, मग मागे या. ॲपमधलं आवाज समान करणारं सेटिंग बंदच ठेवा, नाहीतर आवाजाचा हा चढ सपाट होतो.

मग चौथी सिम्फनी (1916). चारही भाग न थांबता जोडलेले आहेत, म्हणून ॲपमधलं शफल आणि क्रॉसफेड (एक ट्रॅक संपताना पुढचा त्यात मिसळणं) बंद. शेवटच्या भागात टिंपनीचे (नगाऱ्यासारख्या मोठ्या ड्रमचे) दोन संच समोरासमोर भिडतात. एकाच कानात इअरफोन असेल तर निम्मी लढाई गेली.

पाचवीत (1922) स्नेअर ड्रम (करकरीत आवाजाचा छोटा ड्रम) आपल्याच लयीत सुटतो. रेकॉर्डिंग बिघडलेलं नसतं. ऑर्केस्ट्राला अडवायचंच अशा थाटात मनाने वाजव, अशी वादकाला सूचनाच आहे. नवख्यांना इथेच वैताग येतो. तरी थांबू नका, पुढे त्याच भागात ऑर्केस्ट्रा त्याला पुरून उरतो.

सहावी सर्वात शेवटी. नावात ‘साधी’ असली तरी ती अजिबात साधी नाही.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम पाहत राहा.