महाराजांचं पटलं नाही, तर कसं बोलावं

आमच्या घरात तीन पिढ्या वारकऱ्यांची तुळशीची माळ आहे. सासरे सप्ताहात विणेकरी असायचे. मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून सातही दिवस मंडपात बसते, काल्याचा प्रसाद घेऊनच उठते. तेव्हा कीर्तनकार महाराजांबद्दल जे सांगतेय ते त्याच मंडपात बसून सांगतेय. दोन तासांच्या कीर्तनात कधी एखादं वाक्य असं येतं की जीव कळवळतो. ते वाक्य बोलून दाखवायलाच हवं. फक्त कुणापाशी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत, हे आधी ठरवावं लागतं.

पहिलं म्हणजे कीर्तन पूर्ण ऐका. वारकरी कीर्तनात एका अभंगाचं निरूपण चालतं, आणि महाराज पुष्कळदा आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचं म्हणणं, मांडतात, मग तो खोडतात. मोबाइलवर फिरणारा तुकडा कधी कधी त्या पूर्वपक्षाचाच असतो. त्यावर चिडून बोललात तर जे महाराजांनीच नाकारलं ते तुम्ही त्यांच्या माथी मारता. पूर्ण ऐकूनही खटकलंच, तर ते वाक्य त्यांच्याच शब्दांत कागदावर टिपून ठेवा. आपल्या रागाचे शब्द त्यात मिसळू देऊ नका.

कीर्तन चालू असताना उठून बोलू नये. टाळकरी उभे असतात, चाल रंगात आलेली असते, आणि नारदाच्या गादीवर उभ्या माणसाला दोनशे लोकांदेखत अडवलं तर तो माघार घेऊच शकत नाही. संपल्यावर लगेचही नको, तेव्हा पाया पडणाऱ्यांची रांग असते. महाराज ज्यांच्या घरी उतरलेत तिथं, त्यांचं जेवण झाल्यावर, घरच्या माणसाला विचारून जा. सोबत एकच माणूस न्या. घोळका नेला की भांडायला आल्यासारखं दिसतं.

आमच्या भागात एका महाराजांनी निरूपणाच्या ओघात सांगितलं की मुलगा नसेल त्याला गती नाही. तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी माझी भाची बसली होती. तिला दोन्ही मुलीच. तिनं पदर पुढं ओढला आणि पुन्हा वर पाहिलंच नाही. रात्री मी महाराजांकडे गेले. नमस्कार केला, आणि म्हणाले ते असं:

"महाराज, दुसऱ्या चरणाचं निरूपण फार मोलाचं झालं. पण मुलग्यावाचून गती नाही, हे मला पटलं नाही. मंडपात निम्म्या बाया होत्या. दोन मुलींची एक आई माझ्या शेजारी खाली मान घालून बसली होती. ती उद्या कीर्तनाला येईल की नाही, मला ठाऊक नाही."

ते म्हणाले, "माई, शास्त्रात आहे ते सांगितलं." मी म्हटलं, "शास्त्र तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. मी तुम्हाला त्या बाईचं सांगायला आले." ते काही वेळ बोलले नाहीत. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. निघताना मी वाकले, तसे तेही वाकले. आपल्या संप्रदायात एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे, आणि मतभेदाच्या वेळी ती सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

या बोलण्यात मी काय सांभाळलं ते सांगते. आवडलेलं आधी सांगितलं, आणि ते खरंच आवडलं होतं. नसतं आवडलं तर खोटं कौतुक केलं नसतं. आक्षेप एकाच वाक्यावर ठेवला. त्यांची बिदागी, त्यांची गाडी, त्यांचं घराणं यातलं काही काढलं नाही. "सगळे महाराज असेच" हे तर कधीच म्हणू नका. पाठीमागेसुद्धा "महाराज" आणि "ते" सोडू नका. ज्याला पुढ्यात "तुम्ही" म्हणता त्याला पाठीमागे "तो" म्हणू लागलात, की त्यांचा शिष्य तुमचा मुद्दा ऐकणारच नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

साने गुरुजींचं उदाहरण मी वर्गात सांगायचे. पंढरीचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून ते आधी महाराष्ट्रभर फिरले, आणि १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण सुरू केलं. गांधीजींनी ते सोडायला कळवलं. गुरुजींनी मान्यता मिळेपर्यंत सोडलं नाही, आणि गांधीजींवरची त्यांची श्रद्धाही ढळली नाही. उपोषण झालं ते तनपुरे महाराजांच्या मठात, हे मुद्दाम ध्यानात घ्या. आपल्याला पटणारा कुणीतरी महाराज संप्रदायातच असतो. त्यांना गाठा. एका कीर्तनकारानं दुसऱ्याला सांगितलेलं अधिक लागतं.

दुसऱ्या धर्माच्या गुरूंविषयी बोलताना त्यांची माणसं ज्या नावानं हाक मारतात तेच वापरा: भंतेजी, फादर, मौलाना, जैनांचे महाराजसाहेब. आणि आपल्या महाराजांना जे विचारायचं धाडस केलं नाही, ते त्यांना विचारायला जाऊ नका.

मात्र जिवाशी गाठ असेल तिथं जेवण होईपर्यंत थांबू नका. साप चावलेल्याला कुणी बाबा मंत्रानं बरं करतो म्हणून अडवत असेल, तर आधी त्याला दवाखान्यात न्या. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असं अडवणं गुन्हा आहे. त्याच कायद्यानं कीर्तन, प्रवचन, भजन, यात्रा यांना स्पष्टपणे वगळलंय, म्हणून वारकऱ्यानं त्याला भ्यायचं कारण नाही. बाईच्या किंवा लेकराच्या अंगाला हात लागला असेल, तर पोलीस ठाणं. तिथं "महाराजांची बदनामी होईल" हे ऐकून घेऊ नका.

राहिला पुढचा सप्ताह. पत्रिका छापायच्या आधी कमिटीची बैठक होते, आणि कुणाचं कीर्तन ठेवायचं ते तिथंच ठरतं. बायकांना तिथं सहसा बोलावत नाहीत. तरी जा, टिपलेला कागद न्या, आणि मागल्या वर्षीच्या महाराजांचं नाव कापायला न सांगता एवढंच मागा की सातांतलं एक कीर्तन बाई कीर्तनकाराचं ठेवा.