एलएलएम करताय? मग निदान या चुका तरी टाळा

बरीच वर्षं एलएलएमच्या (कायद्यातली मास्टर्स पदवी) पोरांना डिझर्टेशनसाठी (संशोधनाचा प्रबंध) गाइड करतेय आणि दरवर्षी त्याच त्या चुका बघून आता जीव थकतो, म्हणून लिहूनच टाकते.

सगळ्यात मोठी चूक डिझर्टेशनच्या विषयात होते. दोन वर्षांपूर्वी एक हुशार मुलगा आला, विषय काय तर 'भारतातील सायबर गुन्हे'. म्हटलं अरे एवढ्या मोठ्या विषयात तू नक्की शोधणार काय, तर म्हणे मॅडम मटेरियल भरपूर मिळतं. तिथेच मला कळायला हवं होतं. शेवटच्या महिन्यात 140 पानं आणली, त्यात आयटी ॲक्टचं कलम 66ए (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं) जणू आजही चालू आहे असं एक अख्खं प्रकरण! हे कलम सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल केसमध्ये 24 मार्च 2015 ला रद्द केलंय. म्हणजे कुणाचा तरी जुना प्रोजेक्ट उचलला होता आणि स्वतः वाचलासुद्धा नव्हता. सिमिलॅरिटी, म्हणजे दुसरीकडच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, 40 टक्क्यांच्या वर निघाली, आणि यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 40 ते 60 टक्क्यांत सापडलात तर वर्षभर सबमिशनच करता येत नाही. गेलं वर्ष. नंतर त्याने विषय बदलला, कलम रद्द झाल्यावरही पोलीस 66ए खाली गुन्हे का नोंदवत राहिले, आणि 70 पानांत इतकं छान काम केलं की मला अजून आठवतं.

माझी सवय सांगते. एक कलम, एक प्रश्न, एक कोर्ट. उदाहरणार्थ चेक बाउन्सच्या कायद्यात कलम 143ए आहे, 2018 ला आलं, चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई. ती देणं कोर्टावर बंधनकारक नाही असं सुप्रीम कोर्टाने मार्च 2024 मध्ये सांगितलं. मग त्यानंतर तुमच्या जिल्ह्यातले मॅजिस्ट्रेट काय ऑर्डर करतायत? ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर बसा, 50 ऑर्डर वाचा. पॅराफ्रेजिंगच्या (शब्द फिरवून देणाऱ्या) टूलमधून काढलेला मजकूर मला दोन पानांत ओळखू येतो, आणि त्याचा खरंच राग येतो, कारण एलएलएममध्ये शिकायचं असतं ते हेच वाचणं.

दुसरी चूक, 'जज व्हायचंय म्हणून एलएलएम'. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनसाठी (सुरुवातीचं जजपद) 3 वर्षांची वकिलीची प्रॅक्टिस पुन्हा सक्तीची केली, त्यामुळे तेच ध्येय असेल तर आधी सनद काढा, कोर्टात उभे राहा. शिकवायचं असेल तर मात्र एलएलएम हवंच, आणि नेटसाठी (प्राध्यापक होण्याची पात्रता परीक्षा) ओपनला एलएलएममध्ये 55 टक्के लागतात, 54 वर अडलेली पोरं बघितलीत मी.

एलएलएमच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे क्लॅट पीजीला, 120 प्रश्न, दोन तास, चुकीला पाव मार्क कापतात. निकालांवरचे उतारे येतात, तरी पोरं फक्त हेडनोट (निकालाच्या वर छापलेला सारांश) वाचून जातात. पूर्ण निकाल वाचा.

स्पेशलायझेशन मित्राने घेतलं म्हणून घेऊ नका.

आणि परदेशी जाणाऱ्यांनो, इंग्लंडचं नुसतं एलएलएम केलं म्हणून तिथे सॉलिसिटर (तिथला वकील) होता येत नाही! त्यासाठी 2021 पासून एसक्यूई ही वेगळी परीक्षा आहे, तिची फी वेगळी. एज्युकेशन लोनच्या कागदावर आईवडिलांची सही घ्यायच्या आधी हे त्यांना घरी बसवून नीट सांगा.