कोळशाचं इंजिन सांभाळताय? रंगाचा डबा उघडण्याआधी या चुका टाळा

मालगाडीचं कोळशाचं इंजिन धावून जेवढं झिजतं, त्याहून जास्त ते नुसतं उभं राहून सडतं. ड्युटीवर होतं तेव्हा शेडमध्ये रोज राख निघायची, ठरलेल्या दिवशी बॉयलर धुतला जायचा, सांध्यांत तेल पडायचं. चौथऱ्यावर चढवलं की हे सगळं थांबतं आणि उरतो तो २६ जानेवारीच्या आधी मारलेला रंगाचा एक हात. मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, त्यामुळे इंजिनवेड्यांची नागपुरात कमी नाही. तुमच्या गटाकडे किंवा कॉलेजकडे अशा एखाद्या इंजिनाची देखभाल आली असेल, तर पेंटरला बोलावण्याआधी हे वाचा.

स्मोकबॉक्स न उघडता रंग मारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. इंजिनाच्या तोंडावरचा गोल दरवाजा म्हणजे स्मोकबॉक्सचा, म्हणजे बॉयलरच्या पुढे धूर आणि राख जमते त्या कप्प्याचा, दरवाजा. आत तळाशी शेवटच्या फेरीची राख अजून पडलेली असते. आपल्याकडच्या कोळशात राख मुळातच भरपूर, त्यात थोडं गंधकही. पावसाळ्यात ही राख ओल धरते, आम्लासारखी होते आणि तळाचा पत्रा आतून खात बसते. बाहेरून इंजिन काळं कुळकुळीत दिसतं, आत बोटाने खरवडलं तर गंजाचे पापुद्रे पापडासारखे सुटतात.

एका रिटायर्ड फिटरकाकांना असंच एक इंजिन दाखवायला नेलं होतं. त्यांनी काही न बोलता छोट्या हातोडीने वरून खाली ठोकत आणलं. वर खणखणीत आवाज, खाली आल्यावर नुसतं भद्द. "भाऊ, रंगाचं राहू द्या, आधी खराटा आणा," एवढंच म्हणाले.

तर आधी खराटा. राख पूर्ण काढा, तारेच्या ब्रशने घासा, पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजून घ्या आणि मगच रेड ऑक्साइडला, म्हणजे गंज रोखणाऱ्या तांबड्या रंगाला, हात लावा. फायरबॉक्सखालचा (कोळसा जळतो त्या कप्प्याखालचा) राखेचा डबाही विसरू नका, तिथेही हीच कथा असते.

यासाठी आपला मे महिना सोन्यासारखा आहे. पारा ४५ च्या घरात असताना स्मोकबॉक्सचा दरवाजा, बॉयलरचे वॉशआउट प्लग (धुण्यासाठीच्या भोकांची बुचं) आणि फायरबॉक्सचं दार उघडं ठेवा. आतलं साचलेलं पाणी आधी काढून टाका, उरलेली ओल ऊन आणि कोरडी हवा ओढून घेते. पाऊस यायच्या आत चिमणीवर टोपण बसवायचं. पण सगळं हवाबंद करण्याचा उत्साह नको. आत ओल कोंडली तर रात्री पत्रा गार पडला की तिचंच पाणी आतल्या बाजूला जमतं. पाणी शिरणार नाही पण वारा खेळेल, एवढी फट ठेवा.

टेंडरमध्ये शोभेचा कोळसा भरणं

फोटोला छान दिसतो. पण पावसात भिजलेला कोळसा टेंडरचा, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीचा, तळ खातो. शोभाच हवी असेल तर प्लायवुडवर कोळशाचा पातळ थर चिकटवा आणि वर ताडपत्री टाका.

भोकं लांबीने (पुट्टीने) बुजवणं

फायरबॉक्स दुहेरी असतो. आतली आणि बाहेरची प्लेट शेकडो स्टे बोल्टनी एकमेकींना धरून ठेवलेली असते, मधल्या जागेत पाणी. या स्टेच्या टोकाला अनेकदा एक बारीक भोक असतं. स्टे आत मोडला की त्या भोकातून पाणी किंवा वाफ ठिबकते आणि बिघाड कळतो. पेंटरला हे भोक म्हणजे काम राहिलेलं वाटतं आणि तो ते इमानदारीत लांबी भरून बुजवतो. पुढे कधी पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यायची झाली, तर इशारा देणारी जागाच बंद. बुजलेली भोकं बारीक तारेने मोकळी करा आणि पेंटरच्या शेजारी कोणीतरी जाणकार उभा ठेवा.

रॉडला चंदेरी रंग

चाकांना जोडणारे रॉड उघड्या स्टीलचे असतात. त्यांना चंदेरी रंग फासला की तेलाची भोकं बुजतात आणि रंगाखाली गंज धरतो. रॉकेलने पुसा, ग्रीसचा पातळ हात द्या. सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा मारा, तर अजिबात नको. रॉडच्या टोकाशी छिन्नीने ठोकलेले आकडे बघा. कधी ते भलत्याच इंजिनाचे निघतात, कारण शेडमध्ये सुटे भाग या इंजिनाचे त्याला सर्रास लागायचे. त्या इंजिनाची नोकरी कशी झाली याचा हा धातूवरचा पुरावा आहे, तो घासून टाकाल तर परत मिळायचा नाही.

बॉयलरवरचं आवरण उचकटणं

बाहेरच्या पत्र्याखाली उष्णता धरून ठेवणारा थर असतो आणि जुन्या इंजिनांत तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. स्वयंसेवकांना हातोड्या देऊन तो पत्रा काढायला लावू नका. तपासणी आणि काढणी प्रशिक्षित माणसांचीच. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासकामही टाळा.

फलकावर काहीही लिहिणं

'इंग्रजांच्या काळातलं शंभर वर्षं जुनं इंजिन' असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. आधी इंजिनाच्या वर्गाचं नाव, म्हणजे त्याची अक्षरं, बघा. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय मीटरगेज, झेड अडीच फुटी नॅरोगेज. पुढे जी आलं तर मालगाडीचं, पी आलं तर पॅसेंजरचं. डब्ल्यूजी हे स्वतंत्र भारताचं मालवाहू इंजिन. चित्तरंजनच्या कारखान्यातून त्यातलं पहिलं, 'देशबंधू', १९५० मध्ये निघालं आणि शेवटचं, 'अंतिम सितारा', १९७० मध्ये. म्हणजे इंग्रज गेल्यावरचं. सातपुड्यातून मँगनीज आणि कोळसा ओढणारी नॅरोगेज इंजिनं बंगाल नागपूर रेल्वेची, त्यांचे वर्ग वेगळे, त्यांना हे गणित लावू नका. 

"एकदा पेटवून तर बघू"

नाही. डब्ल्यूजीचा बॉयलर चौरस इंचाला २१० पौंड दाबावर चालायचा. खाल्लेली प्लेट आणि मोडलेले स्टे घेऊन एवढा दाब धरणं म्हणजे जिवाशी खेळ. पात्र बॉयलर तपासनिसाने आतून पाहणी आणि पाण्याच्या दाबाची चाचणी केल्याशिवाय काडीसुद्धा ओढायची नाही.

परवानगी मिळालीच, तरी घाई नको. गार बॉयलरखाली एकदम मोठी आग लावली की प्लेटा आणि ट्यूब (बॉयलरमधल्या गरम धुराच्या नळ्या) कमीजास्त प्रसरण पावतात आणि सांधे गळू लागतात. मोठ्या इंजिनाला रात्रभर हळूहळू तापवावं लागतं. पाणीही तपासून घ्या. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, त्याचा थर ट्यूबवर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि धातूच जास्त तापतो. पाणी फेसाळून सिलिंडरकडे जाऊ लागलं तर क्षार वाढलेत असं समजून ब्लोडाउन करा, म्हणजे बॉयलरमधलं थोडं पाणी बाहेर सोडा. निघताना सिलिंडरच्या तोट्या उघड्याच हव्यात; आत साचलेलं पाणी दाबलं जात नाही, ते सिलिंडरचं झाकण फोडतं. आणि गेज ग्लासमध्ये (बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत) पाणी दिसेनासं झालं तर गार पाणी आत ढकलू नका, आधी आग खाली पाडा.