अमेरिकेतल्या लष्करी तळावर पाहुणे म्हणून जाताना ओळखीची कागदपत्रं कशी तयार ठेवाल

मुलीचं किंवा मुलाचं प्रशिक्षण संपतंय, दीक्षान्त संचलन आहे, आजी-आजोबा खास भारतातून आलेत, आणि गेटवर कुणाचं तरी नाव यादीशी जुळत नाही. असे प्रसंग टाळता येतात, फक्त तयारी काही आठवडे आधी सुरू करायला हवी.

गेटवर तीन गोष्टी ठरवल्या जातात: तुम्ही कोण आहात, तुमच्यापासून धोका नाही ना, आणि तुमचं आत काय काम आहे. बहुतेक जण फक्त पहिलीची तयारी करतात. तिसरीसाठी आतला कुणीतरी तुमचा स्पॉन्सर लागतो, म्हणजे सैनिक, तिथे काम करणारा कर्मचारी किंवा कार्यक्रमाची पाहुण्यांची यादी. नुसतं ‘बघायला आलोय’ म्हणून भागत नाही.

ओळखपत्रापासून सुरुवात करू. ७ मे २०२५ पासून रिअल आयडीची, म्हणजे राज्यांच्या लायसन्ससाठी ठरवलेल्या संघीय निकषांची, अंमलबजावणी सुरू झाली आहे. तुमच्या ड्रायव्हिंग लायसन्सच्या वरच्या कोपऱ्यात त्याची खूण, म्हणजे चांदणीसारखा तारा, आहे का ते बघा (कॅलिफोर्नियात तो अस्वलाच्या आकृतीत असतो). ‘फेडरल लिमिट्स अप्लाय’ किंवा ‘नॉट फॉर फेडरल आयडेंटिफिकेशन’ असं छापलेलं लायसन्स गाडी चालवायला चालतं, तळावर जायला एकटं पुरत नाही. काही तळ अशा लायसन्ससोबत जन्मदाखला किंवा सोशल सिक्युरिटी कार्ड मागतात, काही सरळ नाकारतात. अमेरिकन पासपोर्ट, पासपोर्ट कार्ड, ग्रीन कार्ड, ग्लोबल एन्ट्रीचं कार्ड हे पर्याय आहेत. मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन ही राज्यं देतात ते एन्हान्स्ड लायसन्सही (ज्यात नागरिकत्वाचाही पुरावा असतो) चालतं.

कार्ड हातात असलं पाहिजे. फोनमधला फोटो गेटवर कामाचा नाही. नूतनीकरणाला टाकल्यावर मिळणारं कागदी तात्पुरतं लायसन्सही सहसा मानलं जात नाही. मुदत संपलेलं कार्ड तर नाहीच. लहान मुलांना पालकांबरोबर सहसा वेगळं ओळखपत्र लागत नाही, पण वयाची मर्यादा प्रत्येक तळाची वेगळी असते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांकडे जे असेल ते बरोबर घ्या.

अमेरिकन नागरिक नसलेल्यांचं प्रकरण वेगळं, आणि आपल्याकडची बरीच मंडळी याच गटात येतात. पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांचं आधार, पॅन किंवा भारतीय लायसन्स इथे ओळखपत्र म्हणून धरत नाहीत. मूळ पासपोर्टच लागतो. त्यासोबत आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीची, छापील प्रत ठेवा, ती सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा विभागाच्या) संकेतस्थळावरून मोफत निघते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टातल्या व्हिसाची तारीख उलटून गेली असेल, तर आय-७९७ हे इमिग्रेशन खात्याचं मुदतवाढीचं पत्रही घ्या. गेटवरचा पहारेकरी आधी व्हिसाची तारीख बघतो, तुमचा मुक्काम कायदेशीर आहे हे कागदानेच दाखवावं लागतं. परदेशी नागरिकांची परवानगी बऱ्याच तळांवर आगाऊ घ्यावी लागते आणि आत पूर्ण वेळ कुणीतरी सोबत असावं लागतं. म्हणून स्पॉन्सरला नागरिकत्व पहिल्याच फोनमध्ये सांगा.

आता नावाचं बघू, कारण मराठी कुटुंबांचं काम इथेच अडतं. भारतीय पासपोर्टात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बऱ्याचदा एकत्र असतं. अमेरिकन लायसन्सवर मधलं नाव कधी गळतं, कधी एकच अक्षर उरतं. सैनिक मुलाने पाहुण्यांच्या यादीत ‘सुनंदा कुलकर्णी’ लिहिलं आणि पासपोर्टावर ‘सुनंदा माधव’ पुढे ‘कुलकर्णी’ असेल, तर पडताळणी अडू शकते. मुलाला घरातली हाक मारण्याची नावं देऊ नका, जे ओळखपत्र गेटवर दाखवणार त्यावरचं स्पेलिंग जसंच्या तसं कळवा. जन्मतारीख लिहिताना अमेरिकन पद्धतीने आधी महिना, मग दिवस.

पार्श्वभूमीची तपासणी राष्ट्रीय गुन्हे नोंदींवरून होते. चालू अटक वॉरंट असेल किंवा गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेली असेल, तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. जुनं काही प्रकरण असेल तर स्पॉन्सरला आधीच कळवा. तरीही प्रवेश मिळावा म्हणून सवलतीचा (वेव्हरचा) अर्ज करता येतो, पण त्याला वेळ लागतो, गेटवर उभं राहून तो होत नाही.

नौदल आणि हवाई दलाच्या बऱ्याच तळांवर डीबिड्स ही पाहुण्यांची ओळख नोंदवून पास देणारी प्रणाली आहे. ऑनलाइन पूर्वनोंदणी करून मिळालेला कोड आणि मूळ ओळखपत्र घेऊन व्हिजिटर कंट्रोल सेंटरला जायचं. तिथे फोटो, बोटांचे ठसे होतात आणि पास मिळतो. हे केंद्र सहसा मुख्य गेटबाहेरच असतं, त्यामुळे गाडी सरळ गेटच्या रांगेत घालू नका. कार्यक्रमाच्या दिवशी तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो, जमलं तर पास आदल्या दिवशी काढा.

काही वेळा सैनिक आपल्या गाडीतून पाहुण्यांना स्वतःच्या जबाबदारीवर आत नेऊ शकतो. परदेशी नागरिकांना मात्र ही सोय सहसा लागू नसते, आणि तळाच्या सुरक्षेची पातळी चार्ली किंवा डेल्टा (सर्वात वरच्या दोन पातळ्या) झाली की ती सगळ्यांसाठीच बंद होते.

गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्स, नोंदणीचा कागद आणि विम्याचा पुरावा हवा. भाड्याची गाडी असेल तर कराराच्या कागदावर चालवणाऱ्याचं नाव असायला हवं. राज्याने गांजाला परवानगी दिली असली तरी तळ संघीय हद्दीत येतो, तिथे तो गुन्हाच आहे. बंदुकीचा राज्याचा परवानाही आत उपयोगी नाही. निघण्याआधी डिकी आणि पुढच्या सीटसमोरचा कप्पा (ग्लव्ह बॉक्स) रिकामा करून बघा.

रात्री पोहोचलात तर हेडलाइट मंद करा, आतला दिवा लावा, काच खाली घ्या आणि गाडीतल्या प्रत्येकाचं कार्ड आधीच गोळा करून चालवणाऱ्याच्या हाती द्या. गेटवर फोटो काढू नका. पासवरची तारीख, वेळ आणि गेट वाचून घ्या: तो दिलेल्या कामापुरताच असतो, मुदत संपल्यावर आत थांबल्यास परवानगीविना प्रवेशाचा गुन्हा लागू शकतो.