मेलानोमा: इम्युनोथेरपीनंतर एकच गाठ काढायची की सगळ्या? भेटीआधीची तयारी

मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग लसिका गाठींत (लिम्फ नोड्समध्ये) पसरला की काहींना आधी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणारं औषध, देतात आणि मग गाठी काढतात. यात पहिलं काम ऑपरेशनच्या नव्हे, औषधाच्या पहिल्या डोसच्या आधीचं आहे. काखेतल्या किंवा जांघेतल्या सर्वांत मोठ्या बाधित गाठीत मार्कर (ती गाठ नंतर ओळखता यावी म्हणून ठेवलेली छोटी खूण) बसवणार का, हे तेव्हाच विचारून घ्या. औषधाने गाठ आक्रसली की नंतर नेमकी तीच हुडकणं अवघड होतं, आणि तेवढी एकच काढून तपासायची सोय हातची जाऊ शकते.

थोडे आकडे वहीत लिहून न्या, वाद घालायला नाही, नेमकं विचारता यावं म्हणून. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राडो अभ्यासात 99 जणांना आधी इपिलिम्युमॅब आणि निवोल्युमॅब ही इम्युनोथेरपीची दोन औषधं दिली, मग मार्करची गाठ काढली. 60 जणांच्या गाठीत जिवंत कर्करोग 10 टक्के किंवा त्याहून कमी उरला होता. त्यांतल्या 59 जणांच्या बाकीच्या गाठी काढल्याच नाहीत. दोन वर्षांनी त्या 60 जणांच्या गटात रोग न उलटण्याचं प्रमाण 93 टक्के होतं. मात्र चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कोण कोणत्या गटात हे नशिबावर सोडून, केलेली तुलना ही नव्हे. 2024 च्या नाडिना चाचणीत 423 जणांची तशी विभागणी होती, पण तिथे दोन्ही गटांत सगळ्या गाठी काढायच्या होत्या. म्हणून कुणी 'नाडिनाप्रमाणे करू' म्हणालं, तर ऑपरेशन कोणतं हे तिथल्या तिथे विचारा.

सगळ्या गाठी काढल्या तर हातापायाला कायमची सूज राहण्याचा धोका वाढतो. त्यासाठी आधीच दोन्ही बाजूंचा घेर टेपने मोजा: मनगटापासून किंवा घोट्यापासून दर 10 सेंटीमीटरवर, तारखेसकट.

फाइलमध्ये बायोप्सीचा रिपोर्ट, औषधाआधीचे आणि नंतरचे स्कॅन, डोसच्या तारखा. स्टेरॉइड चालू असेल किंवा नुकतंच थांबलं असेल, तर ते भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगा. फार थकवा, मळमळ, बीपी कमी असं काही असेल तर तेही लपवू नका. या औषधांनी थायरॉइड, पिट्युटरी किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावू शकते, आणि कॉर्टिसोल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून येणारं, ताण झेलायला लागणारं संप्रेरक) कमी असताना भूल देणं धोक्याचं.

शेवटी सर्जनना तीन गोष्टी विचारा: पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये उरलेल्या कर्करोगाची टक्केवारी लिहून येणार का, ती 10च्या वर गेली तर दुसरं ऑपरेशन केव्हा, आणि गाठी ठेवल्या तर सोनोग्राफी किती दिवसांनी.