सेवा-अध्ययनाचा पेपर लावण्याआधी: मराठवाड्यातल्या प्राध्यापकांसाठी तयारीची यादी

नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग यांना श्रेयांक (क्रेडिट) दिले, तेव्हापासून सत्र सुरू होताना विभागात एक प्रश्न हमखास येतो: ‘मुलांना कुठल्या गावात न्यायचं?’ गाव नंतर ठरवा. आधी आपल्या पेपरचा अभ्यासक्रम समोर घ्या आणि त्यातला कोणता घटक गावात गेल्याशिवाय मुलांना नीट समजणार नाही, ते एका वाक्यात लिहून काढा. असं वाक्य लिहिता येत नसेल, तर त्या पेपरला सेवा-अध्ययन, म्हणजे गावाच्या उपयोगी काम करत अभ्यासक्रम शिकणं (सर्व्हिस-लर्निंग), जोडू नका. रासेयोचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं (एनएसएस), काम मोलाचं आहे. १९६९ पासून ती योजना चालू आहे, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर मुलं मनापासून करतात. पण तिथलं श्रमदान कोणत्याही पेपरला बांधलेलं नसतं. सेवा-अध्ययनात गावातलं काम हेच पाठ्य असतं आणि त्यावर गुण असतात.

एका वाक्यातलं उत्तर हाती आलं की गावाकडे वळा, तेही आपला प्रकल्प घेऊन नव्हे. सेवा-अध्ययनाची संकल्पना १९६७ च्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅम्से यांच्या कामातून पुढे आली. सिग्मन यांनी १९७९ मध्ये तिची तीन तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलं असं, की कोणती सेवा हवी हे ज्यांना ती मिळणार आहे त्यांनी ठरवायचं. आपल्याकडे नेमकं हेच सुटतं. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटून पत्र घ्यावंच लागतं, ते घ्या. पण तेवढ्यावर गाव बोललं असं समजू नका. बचत गटाच्या बायकांना, आशाताईंना, दलित वस्तीत आणि तांड्यावर जाऊन वेगळं विचारा. बैठक कुठं घेता यावर कोण येणार हे ठरतं. मंदिराच्या सभामंडपात बोलावलं तर काही माणसं पायरीशीच थांबतील. शाळेचा वर्ग किंवा अंगणवाडी बरी.

आता वेळापत्रक, आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. विद्यापीठाचं सत्र आणि गावाचं वर्ष जुळत नाही. जुलैत पेरण्या उरकलेल्या असतात, मग खुरपणी, महालक्ष्म्यांचा सण, आणि ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. काढणीच्या दिवसांत कुणी घरात सापडत नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना, धाराशिवकडच्या कित्येक गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. दुसऱ्या सत्रात, जानेवारीत सर्वेक्षण लावलं तर दाराला कुलपं आणि ओट्यावर म्हातारी माणसं भेटतील. त्या आकड्यांवरून काढलेलं कुटुंबांचं उत्पन्न, शिक्षण, आरोग्य सगळं चुकीचं निघेल. म्हणून कुटुंबांशी संबंध असलेलं काम ऑगस्ट-सप्टेंबरात बसवा. ज्यांना मागे राहिलेल्या आजी-आजोबांचा आणि नातवंडांचाच अभ्यास करायचा आहे, त्यांनी मात्र मुद्दाम जानेवारी निवडावा. आठवडी बाजाराचा वार टाळा. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या एका श्रेयांकाला सत्रात ३० तास धरले जातात. त्यातला जाण्यायेण्याचा वेळ वजा करून मगच कामाची विभागणी करा.

उदाहरण म्हणून रसायनशास्त्राचा वर्ग घ्या, कारण पाण्याचा प्रश्न आपल्याला शोधायला लागत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पाणी किती आहे यावर आपण सतत बोलतो, ते कसं आहे यावर फार कमी. ईडीटीए या रसायनाच्या अनुमापनानं (टायट्रेशन) पाण्याची कठीणता, म्हणजे जडपणा, काढणं अभ्यासक्रमात आहेच. तांबूस रंग निळा झाला की प्रयोग संपतो. तोच प्रयोग गावातल्या विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यावर करायचा. तयारीत एवढं हवं: स्वच्छ बाटल्या, त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरायच्या, प्रत्येकीवर जागा, तारीख, वेळ, जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वेगळी आणि ती बर्फाच्या डब्यात. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि फ्लोराइड १ मिलिग्रॅमच्या आत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. हे आकडे मुलांना जाण्याआधी पाठ हवेत. नायट्रेट वाढलेलं दिसलं तर विहिरीपासून उकिरडा किती अंतरावर आहे आणि शेजारच्या शेतात युरिया किती पडतो, हे मोजायला लावा. इथं पुस्तकातलं रसायनशास्त्र गावच्या नकाशावर उतरतं. पंचायतीच्या जलसुरक्षकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, शासकीय प्रयोगशाळेत नमुने तेच पाठवतात. आपले आकडे शासकीय प्रयोगशाळेत पडताळल्याशिवाय ‘हे पाणी पिऊ नका’ असं एकाही मुलानं कुणाला सांगायचं नाही. घबराट पसरली तर उद्या त्या गावात कुणी उभं करणार नाही.

वाणिज्यच्या मुलांना बचत गटाचं दप्तर आहे, मराठीच्या मुलांना जात्यावरच्या ओव्या जाणणाऱ्या आज्या आहेत. तिथंही नियम तोच: आधी अभ्यासक्रमातला घटक, मग गाव.

पैशांचं आधी बघा. एसटीचा सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा असतो, गावाचं तिकीट मुलाच्या खिशातून जातं. ते कॉलेजनं द्यावं, हे प्राचार्यांकडून लेखी घ्या. मुलींना शेवटच्या गाडीच्या आधीच्या गाडीनं परतता आलं पाहिजे. पालकांची संमती, विमा, प्रथमोपचाराची पेटी.

आणखी एक, जे परदेशी पुस्तकांत फारसं सापडत नाही. तिथं विद्यार्थी शहरातला आणि वस्ती परकी असं गृहीत असतं. आपल्या वर्गातली निम्मीअधिक मुलं अशाच गावांतून येतात, काहींचे आईवडील त्या वेळी उसाच्या फडात तोडणीला असतात. ‘गरिबांना समजून घेऊ’ असल्या भाषेत त्यांच्यासमोर बोलू नका. त्यांना जे आधीच ठाऊक आहे ते वर्गात ज्ञान म्हणून मांडायला जागा द्या. कोणाला स्वतःच्या गावात जायचं नसेल तर कारण विचारत बसू नका, दुसरं गाव द्या.

चिंतनवही पहिल्याच भेटीच्या आधी हातात द्या. ‘काय पाहिलं, धड्यातलं काय जुळलं, काय जुळलं नाही’ एवढे तीन प्रश्न पुरे, पण दर भेटीनंतर दोन दिवसांत लिहिलेलं हवं आणि तुम्ही वाचलेलं हवं. गुण या लेखनाला आणि कामाच्या अचूकपणाला. नुसत्या हजेरीला किंवा फलकासह काढलेल्या फोटोला नाही.

शेवटी, निकाल गावाला परत देण्याची तारीख सत्राच्या सुरुवातीलाच ठरवा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा त्यासाठी सोयीची, म्हणजे काम सप्टेंबरअखेर संपवावं लागेल. अहवाल साध्या मराठीत, दोन पानांत, एक प्रत पंचायतीत आणि एक विभागाच्या कपाटात, म्हणजे पुढच्या वर्षीची तुकडी त्याच विहिरीवर त्याच महिन्यात जाऊन आकडे ताडून पाहील.